शेजाऱ्यांची कुत्री, माळावरची हरणे

२०२२ सालचा भाद्रपद. चार दिवस पावसाची झड लागलेली. ऑफिसात दोन दिवसांची रजा टाकून आम्ही गावी गेलो होतो. सोलापूर जिल्ह्यातले आमचे गाव. नाव लिहीत नाही, का लिहीत नाही ते वाचता वाचता कळेल. सकाळी चहाचा कप हातात असतानाच पुतणी ओढ्याकडून ओरडत आली, "काका, हरणाला कुत्र्यांनी धरलंय!"

वस्तीच्या खालच्या अंगाला काळे रान आहे. उडीद काढून मोकळे झालेले. त्या चिखलात काळविटाची एक मादी रुतली होती. काळविटाचे खूर बारीक, टोकदार. माळावर ते ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगाने पळते, कुत्र्याच्या बापाला सापडत नाही. पण ओल्या काळ्या रानात तेच खूर खिळ्यासारखे आत जातात आणि कुत्र्याचा पंजा मात्र पसरट, तो वरच्या वर चालतो. चार कुत्री होती. एकाने मांडी धरली होती, दोन भोवती फिरत होती, चौथे जरा लांब उभे राहून भुंकत होते. पुतण्या काठी घेऊन पुढे, आम्ही चपला हातात घेऊन मागे, त्याच्या मागे वस्तीतली निम्मी पोरे. कुत्री हटली. आणि मग आमच्या लक्षात आले की लांब उभे राहून भुंकणारे ते चौथे कुत्रे म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंचा मोती.

दोन कुत्री शेजारच्या मळ्यातल्या तात्यांची. एक रस्त्यावरच्या हॉटेलापाशी पडून असणारे, बेवारस. आणि एक आमच्या घरचे. शेजाऱ्यांच्या कुत्र्यांविषयी लिहायला बसलो आहोत, म्हणून हे आधीच सांगून टाकलेले बरे.

हरणीच्या मांडीवर दातांच्या खुणा होत्या, पण रक्त फार नव्हते. आम्हाला वाटले वाचेल. चौघांनी मिळून तिला बांधावर घेतले. वहिनींनी गोणपाट आणले, तिच्या डोळ्यांवर फडके टाकले. पोरांना लांब केले. आम्ही वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन लावला. फोन झाला तेव्हा हरणी मान उचलून होती. नंतर तिचे पाय ताठ व्हायला लागले, श्वास भात्यासारखा चालू झाला आणि तासाभरात ती गेली.

दुपारी वनरक्षक आले, त्यांच्यासोबत जनावरांचे डॉक्टर. शवविच्छेदन झाले. पोटात पाडस होते. डॉक्टर म्हणाले, जखमेने मेली नाही ही. भिऊन जिवाच्या आकांताने पळाली, मग चिखलात धडपडली. अशा वेळी हरणाच्या अंगातले स्नायूच आतून तुटायला लागतात, रक्तात आम्ल वाढते, मूत्रपिंड आणि हृदय साथ सोडते. कधी तासात मरते, कधी दोन-तीन दिवसांनी कुठेतरी झुडपात जाऊन मरते. म्हणजे आपले कुत्रे घरी येऊन शेपूट हलवीत भाकरी खाते, त्याच्या तोंडाला रक्ताचा थेंब नसतो, आपण म्हणतो नुसते पळवले, धरले थोडेच. आणि तिकडे माळावर ते हरीण मरून पडलेले असते. हे आम्हाला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. लहानपणी आम्हीही कुत्र्याला "छू" म्हणून हरणाच्या मागे सोडलेले आहे.

संध्याकाळपर्यंत गावात वेगळीच बातमी पोचली होती. वस्तीवाल्यांनी हरीण मारले. कोणी सांगितले, वाटेही पडले. कोणी सांगितले, पातेले चढले म्हणून. ज्या जनावराला वस्तीतल्या पोरांनी कुत्र्यांच्या तोंडातून काढले, ते वस्तीच्याच पोटात गेले असे गावाने ठरवूनही टाकले होते. वाचकांपैकी जे गावी वाढले त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. माळावर काही मेले, की बोट कुठे वळते हे ठरलेले असते.

आम्ही कारकून माणूस. तेवीस वर्षे फायलीत घालवली, म्हणून घरचे चेष्टा करतात. पण त्या दिवशी ती सवय कामाला आली. फोन किती वाजता केला, कोण उचलला, हरणी किती वाजता गेली, कोण हजर होते, हे सगळे आम्ही पुतणीच्या वहीच्या मागच्या पानावर तिथल्या तिथे लिहून ठेवले होते. पंचनाम्यात वस्तीतले दोन आणि गावातला एक पंच घ्यायला लावला. कुत्र्यांच्या दातांच्या खुणा, चिखलातले पंजे, आतले पाडस, सगळे त्यात आले. वनरक्षक भला माणूस होता, त्याने आडकाठी केली नाही. दुसऱ्या दिवशी चावडीवर कुजबुज झाली तेव्हा त्या कागदाचा उतारा थोरल्या बंधूंनी खिशातून काढला. कुजबुज बंद झाली असे म्हणणार नाही, हळू झाली.

इथे कायद्याचे थोडे सांगायला हवे, कारण आपल्या लोकांना तो पोलीस दारात आल्यावर कळतो. काळवीट आणि चिंकारा ही दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या ओळीत. चितळ २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आले. शिकार म्हणजे बंदुकीने मारणे एवढेच नाही. पाठलाग करून दमवणे, हाकणे, सापळा लावणे आणि या सगळ्याचा नुसता प्रयत्न करणे, हेही कायद्याने शिकारच. शिक्षा तीन ते सात वर्षे आणि दंड पंचवीस हजारांपेक्षा कमी नाही. कुत्रे आपल्या मनाने पळाले तर मालकावर गुन्हा शाबीत करणे सोपे नाही, पण "छू" म्हणून सोडले तर ती सरळ शिकार झाली. सिनेमावाल्या सलमान खानला १९९८ सालच्या काळविटाच्या प्रकरणात जोधपूरच्या न्यायालयाने २०१८ साली पाच वर्षांची शिक्षा सुनावली. दोन दिवसांत त्याला जामीन मिळाला. आपल्या पोराला किती दिवसांत मिळेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

दुसरी गोष्ट, मेलेले हरीण सरकारची मालमत्ता असते. ते हाती आले तर ४८ तासांच्या आत कळवावे लागते. त्याचे मांस, कातडे, शिंग, काहीही घरात ठेवायचे नाही. माळावर पडलेले शिंग पोरांनी खेळायला आणले, तरी ते परत नेऊन द्यावे. आणि काळविटाची शिंगे आपोआप गळत नाहीत. सांबर-चितळाची दरवर्षी गळतात आणि नवी येतात; ती सारंग जातीची. काळवीट कुरंग जातीचे, त्याची शिंगे जन्मभर राहतात. तेव्हा काळविटाचे शिंग सापडले याचा अर्थ तिथे एक काळवीट मेले आहे, एवढे साहेब लोकांना समजते.

आता तात्यांकडे वळू. त्याच रात्री आम्ही रागाच्या भरात त्यांच्या मळ्यात गेलो. ही आमची पहिली चूक. जाताना कायद्याची कलमे डोक्यात घेऊन गेलो, ही दुसरी. तात्या ओसरीवर बसले होते. आमचे सगळे भाषण त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, समदं खरं. पर तुमचा मोती काय कीर्तनाला गेलता का तितं?"

आम्ही उठून आलो.

घरी आलो तर तिथेही तेच. थोरले बंधू म्हणाले, मोतीला बांधून ठेवला तर रात्री ज्वारीत डुकरे शिरतील, मग पोती तू भरून देणार का? वहिनी म्हणाल्या, बांधलेला कुत्रा रात्रभर रडतो, धाकट्याची झोप मोडते. दोघांचेही बरोबर होते. शहरातल्या चाळीत बसून 'कुत्री बांधा' असे सांगणे फुकटचे आहे. गावी कुत्रे हे शोभेला नसते, ते घरातले कामकरी माणूस असते. फक्त त्याला पगार म्हणून शिळी भाकरी मिळते, तीही रोज नाही. अर्धपोटी राहिलेले कुत्रे शिकार शोधणारच. आणि एकटे कुत्रे सहसा हरणाच्या वाटेला जात नाही. दोन झाली की हिंमत येते, चार झाली की टोळी होते. त्यातले एक मुरलेले असते, बाकीची त्याच्याकडून शिकतात. आमचा मोती लांब उभा राहून भुंकत होता, म्हणजे त्याची शिकवणी नुकती सुरू झाली होती.

वस्तीतल्या दोघा-तिघा तरुणांनी दुसरा उपाय काढला. पिठाच्या गोळ्यात औषध घालून माळावर टाकायचे. आम्ही हात जोडले. कुत्र्याला विष घालणे हा गुन्हाच आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पूर्वीच्या दंडविधानातही होती. पण गुन्ह्याचे सोडा. तो गोळा काय फक्त तात्यांचेच कुत्रे खाणार? खोकड खाईल, कोल्हा खाईल, कोणाची शेळी तोंड घालील. मेलेल्या कुत्र्याला घार टोचील, घारही मरेल. रांगते पोर माळावर गेले तर काय, हे तर बोलवतही नाही. आणि सगळ्यात मोठे म्हणजे, मळ्यातली कुत्री विषाने मेली तर गावाचे बोट पुन्हा कुठे वळले असते? पोरे समजली.

पंधरा दिवसांनी आम्ही तात्यांकडे पुन्हा गेलो. या वेळी कलमे घरी ठेवून. जाताना मोतीला साखळीने बांधून सोबत नेला, की बघा, आमचा बांधलाय. तात्यांनी चहा मागवला. तो मळ्यातल्या नेहमीच्या कपातून आला; हेही नोंदवून ठेवतो. गप्पा पिकावर आल्या आणि मग खरे कारण बाहेर पडले. तात्यांच्या दोन एकर तुरीत आणि आधीच्या उडदात काळविटांचे कळप रोज पहाटे पडत होते. शेंडे खुडून खायचे. तात्यांची कुत्री आपल्या मनाने पळत नव्हती. पहाटे उठून तात्याच त्यांना सोडत होते. "मग काय करू? हरनाला मारायचं न्हाई, हाकलायचं न्हाई, नुसतं बघत बसू?"

हा प्रश्न खरा आहे, आणि हरणावर माया करा म्हणून सांगणाऱ्याने आधी त्याचे उत्तर दिले पाहिजे. हरीण, रानडुक्कर, रोही यांनी पिकाचे नुकसान केले तर वनखात्याकडून भरपाई मिळते. तात्यांना हे ऐकून माहीत होते, पण अर्ज कसा करायचा, केव्हा करायचा हे माहीत नव्हते. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवावे लागते, मग पंचनामा होतो. तात्या दर वेळी सुगीनंतर विचारायला जात आणि हात हलवीत परत येत. आम्ही म्हणालो, तात्या, तुमची कुत्री बांधा, तुमचा अर्ज आम्ही लिहितो. हा सौदा झाला. सातबाराचा उतारा, नुकसानीचे फोटो, बँकेचे पासबुक, सगळे जोडून आम्ही अर्ज केला. पुढच्या वर्षीही केला. पैसे आले, उशिरा आले, आणि नुकसानीच्या मानाने कमी आले. पण आले. तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कळपाकडे बघून शिवी दिली नाही, असे त्यांची सून वहिनींना म्हणाली.

तरी कुत्री बांधायची कशी, हा प्रश्न होताच. बांधून ठेवले तर राखण कोण करणार? त्याचे उत्तर आम्हाला एका धनगर मामांनी दिले. दिवाळीनंतर त्यांचा वाडा दरसाल आमच्या शिवारात उतरतो, शेतात मेंढरे बसवतात. त्यांच्या कुत्र्याच्या गळ्यात दोरीने एक आडवे लाकूड लोंबत होते. हातभर लांब, मनगटाएवढे जाड. ते पुढच्या पायांच्या गुडघ्यांसमोर येते. कुत्रे चालते, बसते, भुंकते, मेंढरामागे दुडक्या चालीने जाते. पण भरधाव पळायला गेले की लाकूड पायात येते. लोढणे! ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणे अडकवतात हे आम्हाला माहीत होते. 'गळ्यात लोढणे' हा शब्दप्रयोग तर आम्ही लग्न झालेल्या प्रत्येक मित्राला ऐकवला आहे. पण कुत्र्याच्या गळ्यात ते आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

मामा म्हणाले, "दिसभर घालायचं. रातच्याला काढायचं. रातीला लांडगं येतंय, लोढणं आसलं तर कुत्रं मरंल की." रात्री मेंढरे वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात असतात आणि कुत्रे मोकळे असते. दिवसा मेंढरे मोकळी आणि कुत्र्याला लोढणे. लाकूड हलके हवे, दोरी रुंद हवी, नाहीतर मान सोलते. आठ-दहा दिवसांनी मान बघायची. कुत्र्याचे पिल्लू मोठे होत असतानाच महिनाभर घातले तर पुढे बऱ्याचदा लागत नाही, त्याला पाठलागाची चटकच लागत नाही, असेही ते म्हणाले. मामांना शाळा किती झाली आम्ही विचारले नाही. आम्ही मात्र बी.कॉम. आणि हा उपाय आमच्या डोक्यात आला नव्हता.

मोतीच्या गळ्यात लोढणे घातले. पहिले दोन दिवस तो रुसून बसला. तिसऱ्या दिवशी हिंडायला लागला. तात्यांनीही एका कुत्र्याला घातले. दुसरी कुत्री, म्हणजे मादी, त्यांच्या नातीची लाडकी, तिला घालू दिले नाही. तिला दिवसा गोठ्यात बांधायचे ठरले.

आता राहिली ओढ्याची गोष्ट, आणि यात गावाशी खरा प्रसंग आला. ओढ्याच्या कडेला मेलेली गुरे टाकतात. वर एक पोल्ट्री आहे, तिथल्या मेलेल्या कोंबड्याही तिथेच. त्या घाणीवर शिवारभरची कुत्री पोसली जातात, तिथेच त्यांच्या टोळ्या जमतात, आणि पोट भरले की जवळच्या माळावर हरणामागे लागतात. बेवारस कुत्र्यांचे मूळ घर तेच. २६ जानेवारी २०२३ च्या ग्रामसभेत आम्ही हा विषय मांडला. जनावरे उघड्यावर टाकू नयेत, खड्डा करून पुरावीत, पोल्ट्रीवाल्याला नोटीस द्यावी. एक वयोवृद्ध गृहस्थ उठले. रागाने नाही, अगदी सहज म्हणाले, "पूर्वी ढोर मेलं की तुमची माणसं यायची. रान कसं लख्ख ऱ्हायाचं."

सभा गप्प झाली. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, ही कामे सोडा असे सांगितले. आमच्या गावात प्रत्यक्ष दोरी टाकायला पुढे कित्येक वर्षे लागली, आणि त्यासाठी आमच्या आजोबांच्या पिढीने गावाचा बहिष्कार सोसला. त्या सगळ्याचे उत्तर कागदावर लिहून आणलेले नव्हते. आम्ही उठायच्या आत वहिनी उठल्या. बचत गटाच्या बायकांत बसल्या होत्या. म्हणाल्या, "ज्याचं ढोर, त्यानं पुरावं. आमच्या सासऱ्यांनी दोरी टाकली, ती आमी उचलनार न्हाई." आणि खाली बसल्या. एवढेच.

मग तात्या उठले. आम्हाला वाटले, आता काय बोलतात. म्हणाले, पुतण्याचा जेसीबी आहे, गायरानात खड्डा मारून देतो, डिझेलचे पैसे पंचायतीने द्यावेत. ठराव झाला. खड्डा झाला. आज तो सगळेच वापरतात असे नाही. पोल्ट्रीवाला चार महिने सरळ वागला, पुन्हा रात्रीच्या अंधारात टाकतो. पण ओढ्यावरची टोळी पूर्वीसारखी राहिली नाही.

नसबंदीचे मात्र आमच्याकडून झाले नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना परत जागेवर सोडायचे, ही जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. कागदावर ठीक. छोट्या पंचायतीकडे ना पैसा ना सोय. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रेबीजच्या लसीचे शिबिर मात्र घेतले, वस्तीत आणि गावात मिळून सव्वीस कुत्री टोचली. हे काम कुठल्याही वस्तीला करता येण्यासारखे आहे. लस दरवर्षी द्यावी लागते. त्या दिवशी हरणी सोडवताना पुतण्याच्या पोटरीला कुत्र्याचा दात लागला होता. कोणते कुत्रे, गडबडीत कळले नाही. वहिनींनी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुतली. हळद नाही, चुना नाही, मिरची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन लस टोचली आणि पुढचे डोस एकही न चुकवता पूर्ण केले. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट असते. रेबीज एकदा उठला की त्यातून जवळजवळ कोणीच वाचत नाही, म्हणून हा आळस करण्याचा विषय नाही.

कुत्र्यांच्या रोगांचे रानातही तेच. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह थोड्याच दिवसांत मेले. तपासणीत कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू त्यांच्यात सापडला. आमच्याच जिल्ह्यात नान्नजच्या माळावर, जिथे १९७९ साली माळढोक अभयारण्य झाले, तिथे अबी तमीम वनक या संशोधकांनी खोकडांचा अभ्यास केला. कुत्रे नुसते जवळपास असले, अंगावर गेलेही नाही, तरी खोकड समोरचे खाणे कमी करते असे त्यांना दिसले. हरणांची गत यापेक्षा वेगळी कशी असेल? काळविटाची मादी सहा महिने पाडस पोटात वागवते, एका वेळी बहुधा एकच देते आणि पहिले काही दिवस गवतात दडवून ठेवते. स्वतः लांब चरते, मधूनमधून पाजायला येते. नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधले रेहेकुरी अभयारण्य खास काळविटांसाठी आहे, पण त्याचे क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. बाहेर पाऊल टाकले की शेत, वस्ती आणि कुत्री.

म्हणून पाडस एकटे दिसले तर उचलून घरी आणू नये. ते अनाथ नसते, आई लांबून बघत असते. आमच्या वस्तीतल्या एका ताईंनी पूर्वी एक पाडस दयेपोटी आणून बाटलीने गाईचे दूध पाजले. तिसऱ्या दिवशी हगवण लागून ते मेले, आणि वर चौकशी मागे लागली. कुत्रे मागे लागलेले दिसले तर हरणामागे आपण धावू नये, ते आणखी दमते. कुत्र्यांना आडवे जावे, काठी आपटावी, कुत्र्यांच्या मालकाला हाक मारावी. हरीण पडलेच तर डोळे झाकावेत, गर्दी हटवावी, तोंडात पाणी ओतू नये, आणि १९२६ ला फोन. फोनची वेळ लिहून ठेवावी.

मुंबईच्या वाचकांना वाटेल, हे सगळे गावाकडचे. बोरिवली, मुलुंड, ठाणे या बाजूला संजय गांधी उद्यानाच्या भिंतीला लागून आपली किती वस्ती आहे! भिंतीच्या आत चितळे आहेत. भिंतीला भोक पडले की कुत्री आत जातात. आणि कुत्र्यांच्या वासाने बिबट्या बाहेर येतो, कारण तिथल्या बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. कचराकुंडी भरून वाहिली, की कुत्री वाढतात. कुत्री वाढली, की संध्याकाळी नळावर गेलेल्या पोराच्या मागे बिबट्याची भीती वाढते. तिथे कचऱ्याची गाडी रोज यावी म्हणून वॉर्ड ऑफिसात अर्ज करणे, हेच हरणाचेही काम आणि पोराचेही.

या वर्षी माघात ज्वारी काढणीला आम्ही गावी होतो. पहाटे माळावर एकोणीस काळविटे मोजली, त्यात तीन काळेकुट्ट नर. मोती बांधावर बसून बघत होता. त्याच्या गळ्यात आता लोढणे नसते, त्याचे वय झाले आहे. हॉटेलापाशचे ते बेवारस कुत्रे अजून कळपामागे जाते. त्याचा उपाय आम्हाला सापडलेला नाही.

आणि परवा वहिनींचा फोन आला. तात्यांच्या नातीची लाडकी कुत्री पुन्हा व्याली आहे, सहा पिल्ले. गेल्या वर्षी तालुक्याला नेऊन तिचे ऑपरेशन करून आणू म्हणालो, तेव्हा तात्या "बघू" म्हणाले होते. आता निरोप आहे, की भाऊसाहेबांनी सोलापुरात कोणाला पिल्लू हवे असेल तर बघावे. दोघांची सोय झाली आहे. चार राहिली आहेत.